दोनच्या नावावर तीन

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

अक्षर ओळखून पाकीट न फोडताच फेकशील अशी भीती आहे, म्हणून मागे पाठवणाऱ्याचं नाव घातलं नाही. तू फोनचा नंबर बदललास, मेल परत येतात. शेवटी आत्याचा पत्ता बाबांच्या वहीत सापडला. आत्याचे डोळे आता कसे आहेत?

मुद्द्यावर येतो. ऑफिसात नवं सर्व्हर मशीन आलंय. जुन्याचा पंखा असा घरघरतो की बोलताना ओरडावं लागतं. शहराच्या पाण्याचे सगळे व्हॉल्व्ह किती वाजता उघडायचे आणि किती वाजता बंद करायचे, हे ठरवणारा तुझा प्रोग्राम नव्या मशीनवर चढवायचाय. दहा मार्चला बोर्डाची माणसं बघायला येणार. तोवर चाललं नाही तर काम बाहेरच्या कंपनीला जाईल आणि मी घरी.

तुला ठाऊकच आहे, मशीनच्या खोलीला बाहेरची लाइन नाही, इंटरनेट नाही. दुसऱ्यांसारखं एक हुकूम दिला आणि सगळं आपोआप उतरलं, असं इथे होत नाही. सगळं सोर्सपासून, मूळ कोडपासून बांधायचं. मी तुझा गठ्ठा उघडला, मशीनवर काय आहे नि काय नाही ते तपासणारं कॉन्फिगर चालवलं, तर ते म्हणतं प्रोग्रामला लागणारी डेटाबेसची लायब्ररी नाही. कुठली आणायची? तिला आणखी काय काय लागतं? यादी पाठव ना.

नवं सुरू झालं की जुनं त्याच आठवड्यात भंगारात द्यायचंय, खोलीत पाय ठेवायला जागा नाही.

मागे जे झालं ते झालं, ताई. मनात ठेवू नकोस. आपण घरची माणसं.

तुझा,
बारक्या

---

९ फेब्रुवारी

बारक्या,

आशीर्वाद लिहिणार होते, हात वळला नाही.

'जे झालं ते झालं.' वा रे वा! दूध उतू जातं, तेव्हा 'झालं' म्हणतात. पायरीवरून पाय घसरतो, तेव्हा 'झालं' म्हणतात. इथे काही झालेलं नाही. इथे कुणीतरी केलंय. मराठी शाळेत शिकलास ना? कर्ता, कर्म, क्रियापद. तुझ्या वाक्यातला कर्ता कुठे पळाला?

विसरला असशील तर उजळणी करते. मामाने, तुझ्या बाबांनी, शब्द टाकला म्हणून मी तुला माझ्या हाताखाली लावलं. अकरा महिने शेजारी बसवून शिकवलं. आईच्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी मी अकरा ते वीस ऑगस्ट रजेवर गेले. मी नसताना व्हॉल्व्ह भलत्याच वेळी उघडले आणि वरच्या वस्तीला तीन दिवस पाण्याचा थेंब मिळाला नाही. साहेबांना मशीन चालू की बंद एवढंच कळतं, म्हणून अहवाल लिहायचं काम तुझ्याकडे आलं. तू लिहिलंस : 'ताईंनी रजेवर जाण्याच्या घाईत, दहा तारखेला, एक बदल केला.' चोराच्या उलट्या बोंबा! मला काढलं. दाखल्यावर शेरा मारला, 'निष्काळजी'. त्या एका शब्दापायी मला सात ठिकाणांहून परत पाठवलं. आता मी प्रिंटर दुरुस्तीच्या दुकानात बसते. नखांतली शाई निघत नाही.

मला माझं नाव धुऊन हवंय. दुसरं काही नकोय.

तरी मदत करते. अटी दोन. फोन नाही, मेल नाही. पोस्टाने, शाईने, तुझ्या अक्षरात. आणि मशीन जे बोलेल ते अक्षरशः उतरवायचं, तुझ्या शब्दांत सांगायचं नाही. हे मी तुला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं.

डेटाबेसची लायब्ररी आण, चौथ्या मालिकेतली शेवटची. बांध. पुढे काय म्हणते ते लिही.

ताई

---

१५ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न.

तू उत्तर दिलंस, यातच सगळं आलं. रागावलीस, त्याचं काही वाटत नाही. रागावतं तेच आपलं माणूस.

आता माझे हाल ऐक. लायब्ररी उतरवायला पुढच्या ऑफिसात जायचं, कारकुनाच्या संगणकासमोर उभं राहायचं. मग डिस्कवर घ्यायची. मग फॉर्म, तीन प्रतींत. मग भांडारवाल्या बाई. त्या चष्मा पुसतात, लावतात, पुन्हा पुसतात आणि म्हणतात, "हे काय आहे? वस्तू आहे का? वस्तू नसेल तर मी शिक्का कशावर मारू?" मी म्हटलं, डिस्कवर मारा. खरंच मारला हो! नेमका चकचकीत बाजूला. ती डिस्क गेली. दुसरी केली. मग ती एक दिवस तपासणीच्या कपाटात राहिली.

एवढं करून डेटाबेसची लायब्ररी बांधायला घेतली तर ती म्हणते, आधी कुलपाची लायब्ररी हवी, ती सांकेतिक लिपीत बोलायची. परत पुढचं ऑफिस, परत फॉर्म, परत बाई. कुलपाची आणली तर ती म्हणते, माझ्या आधी मजकूर दाबून लहान करायची लायब्ररी हवी. ताई, हे एकाचं शेपूट दुसऱ्याच्या तोंडात कुठवर चालणार? तीन चकरांत चार दिवस गेले.

तुला सगळा क्रम तोंडपाठ आहे. एकदाच पूर्ण यादी लिहून पाठव ना, तळापासून वरपर्यंत. म्हणजे एका फॉर्मवर सगळं आणतो. बाईंनाही आता माझा चेहरा बघून ठसका लागतो.

तुझा,
बारक्या

---

१९ फेब्रुवारी

बारक्या,

बाईंना माझा नमस्कार सांग. डिस्कवर शिक्का मारला ते वाचून आईला इतकं हसू आलं की तिला पाणी द्यावं लागलं. बरे आहेत तिचे डोळे. तू लिहिलेला अहवाल तिने त्याच डोळ्यांनी वाचला होता.

यादी मागतोस? यादी होती. रजेवर जाताना मी तुझ्या टेबलावर ठेवून गेले होते, चार पानं, दोन्ही बाजूंनी. काय आधी, काय नंतर, कुठली आवृत्ती कुठल्या आवृत्तीशी भांडते, सगळं. वर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'मी येईपर्यंत कशालाही हात लावू नये.' ती पानं कुठे गेली ते तू तुझ्या मनाला विचार. गरज सरो, वैद्य मरो असं तुमचं, आणि पुन्हा ताप आला की त्याच वैद्याच्या दारात!

एकेकच सांगणार. दाबायची लायब्ररी आणलीस ना? बांधून झाल्यावर तुला वाटेल सगळं जागेवर आहे, तरी वरची लायब्ररी म्हणेल 'सापडत नाही'. याचं कारण, नुसतं आणून ठेवलं म्हणजे घर झालं नाही, पत्ता नोंदवावा लागतो. त्यासाठी एक छोटा हुकूम असतो, एलडीकॉन्फिग. तो दे. ज्यांच्या हेडर फाइली (आतल्या मालाची अनुक्रमणिका) लागतात त्याही तपास. लायब्ररी असते, हेडर नसतात आणि माणूस दोन दिवस डोकं फोडत बसतो.

आता नीट वाच. पुढची लागते ती वेळ मोजणारी लायब्ररी. माझ्या प्रोग्रामला तिची दुसरी आवृत्तीच चालते, तिसरी नाही. तिसरीत तास मोजायची पद्धत बदलली. जुन्या मशीनवर आज नेमकी कुठली आहे हे कळल्याशिवाय मी पुढे सांगू शकत नाही. चुकीची सांगितली तर पुन्हा वस्ती कोरडी. तेव्हा जुन्या मशीनवर जा, त्या लायब्ररीच्या फोल्डरची यादी काढ आणि तिच्या नावाची ओळ जशीच्या तशी उतरव. तारीख, वेळ, बाण, सगळं. आणि त्या तारखेची हुकुमांची नोंद असते, तीही ओळ उतरव. एक अक्षर गाळलंस तर माझ्याकडून उत्तर येणार नाही.

ताई

---

२४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न.

एलडीकॉन्फिगने जादू केली. तीन लायब्रऱ्या बसल्या. मी खोलीत एकटाच टाळ्या वाजवत होतो, पंख्याच्या आवाजात कुणाला ऐकू गेलं नाही.

तू सांगितलेल्या ओळी. जुन्या मशीनवर दुसऱ्या आवृत्तीच्या नावाने फाइल नाही, नुसती लिंक, म्हणजे नावाची पाटी आहे, आणि पाटीचा बाण तिसरीकडे. ओळ अशी : लिंक, मालक रूट (मशीनचं मुख्य खातं), १४ ऑगस्ट, ११ वाजून ४२ मिनिटं, वेळेची लायब्ररी दोन, बाण, वेळेची लायब्ररी तीन. हुकुमांच्या नोंदीत : १४ ऑगस्ट, ११ वाजून ४२ मिनिटं, वापरणारा 'बारक्या', हुकूम लिंक करणे. (लॉगिनला तूच हे नाव दिलंस. अजून सगळे ऑफिसात मला त्याच नावाने हाका मारतात.)

म्हणजे प्रोग्राम 'दोन द्या' म्हणत होता, माझ्याकडे तीन होती, म्हणून तीनवर दोनची पाटी लावली गेली. तेव्हा सगळं चालू झालेलं दिसलं. तीन दिवसांनी वेळा हाताने सरकवून जुळवल्या, त्या आजवर तशाच आहेत. आता बोल, नव्यावर कुठली आणू?

आणि एक नवंच लचांड. तुझं कॉन्फिगर जुनं आहे, त्याला नव्या मशीनची जात ओळखता येत नाही. म्हणून ते नव्याने बनवायला गेलो, तर म्हणतं : आवश्यक फाइल 'ऑथर्स' सापडली नाही. ती कसलीशी फाइल गठ्ठ्यात नाहीये. ही पण लायब्ररी आहे का? कुठून उतरवू?

दिवस चौदाच राहिले. लवकर लिही.

तुझा,
बारक्या

---

२८ फेब्रुवारी

बारक्या,

'पाटी लावली गेली.' आपोआप? वाऱ्याने? तुझ्या हातून क्रियापदसुद्धा खरं निघत नाही.

वेळेची लायब्ररी दुसरी आण. तिसरीला शिवू नकोस.

आता ऑथर्स. नाही, ती लायब्ररी नाही. ती उतरवायची नसते. जे लोक प्रोग्राम लिहितात त्यांची नावं त्या फाइलीत असतात. गठ्ठा बांधणाऱ्या हत्याराचा नियमच आहे, ती फाइल नसेल तर ते हात लावत नाही. माझ्या गठ्ठ्यात ती होती. तिच्यात एकच ओळ होती, माझ्या नावाची. नऊ वर्षं होती. ती फाइल आपली आपण चालत गेली नाही.

तीन दिवस वस्तीला पाणी नव्हतं ते तू माझ्यावर ढकललंस, समजू शकते. घाबरलास. घाबरलेलं माणूस काहीही करतं. पण माझं नाव पुसायला तुला कुणी सांगितलं होतं? साहेब कधी ती फाइल उघडणार होते? बोर्ड उघडणार होतं? कुणीच बघत नाही अशा ठिकाणाहून तू मला काढलंस. निव्वळ आवड म्हणून. आयत्या बिळावर नागोबा तो नागोबा, वर बीळ मीच खोदलं म्हणतो!

मी अंगणवाडीतल्या पोरीसारखी रडले परवा, हेही लिहून ठेवते. नंतर तोंड धुतलं आणि दुकानातून अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतली. बाहेर एक काम होतं.

ती फाइल तुझ्या हाताने पुन्हा कर. तिच्यात काय लिहायचं ते मी सांगणार नाही. ज्याने काम केलं त्याचं नाव लिहितात.

ताई

---

५ मार्च

ताई,

बस झालं आता. ती., सा., न., वि. काही नाही.

मला काय दूधखुळा समजतेस? हत्याराची मदतीची पानं मी स्वतः वाचली. ऑथर्स नावाची फाइल *असायला* हवी, एवढाच नियम. आत काय आहे ते कुणी वाचत नाही. एका हुकुमात रिकामी फाइल केली. शून्य अक्षरं. कॉन्फिगर बनलं, गठ्ठा बांधला गेला, बसला, सुरू झाला. काल सकाळी पहिला व्हॉल्व्ह बरोबर सहाला उघडला. मी पंपघरात उभा राहून पाहिलं.

आणि दाबायची, कुलपाची, डेटाबेसची! उलट्या क्रमाने सांगत होतीस ना? शेंड्यापासून मुळाकडे? आठवड्याभराचं काम एक महिना चालवलंस. माझं नाक घासून घेतलंस. भांडारवाल्या बाईंच्या समोर मी फॉर्म घेऊन अकरा वेळा उभा राहिलो. अकरा! तुझं समाधान झालं असेल तर बरं.

तुझ्याशिवाय काही अडत नाही हे कळलं मला, यासाठी मात्र आभार. दहा तारखेला बोर्ड येईल, शाबासकी देईल, आणि तुझ्या नावाचा कागद कुठेही नसेल. सात तारखेला जुनं मशीन भंगारवाला घेऊन जाणार. मग सगळंच संपलं.

आत्याला नमस्कार. तुला नाही.

बारक्या

---

१६ मार्च

बारक्या,

तुझं पाच तारखेचं पत्र आठला पोचलं. तोवर बोर्डाच्या दक्षता विभागाची दोन माणसं येऊन गेली होती. सहा तारखेला सकाळी ते आले तेव्हा तू जुन्या मशीनच्या वायरी सोडवत होतास म्हणे. एक दिवस अलीकडे आले, एवढंच.

आता सगळं सरळ सांगते, तुला आडून कळत नाही.

तुझ्या पहिल्याच पत्रात होतं, नवं सुरू झालं की जुनं भंगारात. मी निर्दोष आहे याचा पुरावा जगात एकाच ठिकाणी होता, त्या घरघरणाऱ्या डब्यात. तिथे मला पाऊल टाकता येत नव्हतं. म्हणून तुला एकेक लायब्ररी शेंड्याकडून सांगितली, म्हणजे जुनं चालू राहील. हो, मुद्दाम. हो, मजाही आली. तू अकरा वेळा फॉर्म घेऊन उभा राहिलास, त्यातल्या प्रत्येक वेळी मी मनात बाईंच्या शेजारी खुर्ची टाकून बसले होते.

आणि मग तू मला ती ओळ उतरवून पाठवलीस. स्वतःच्या अक्षरात, शाईने. चौदा ऑगस्ट, अकरा बेचाळीस, वापरणारा बारक्या. अहवालात लिहिलं होतंस दहा तारीख, आणि बदल माझा. चौदाला अकरा बेचाळीसला मी दवाखान्यात आईच्या डोळ्यांत थेंब घालत होते, दवाखान्याच्या नोंदवहीत माझी सही आहे. तुझं पत्र आणि त्या सहीची नक्कल घेऊन मी अठ्ठावीसला बोर्डात गेले. त्याच दिवशी तुला ऑथर्सचं पत्र टाकलं.

त्या अधिकारी बाई तुझं पत्र दोनदा वाचून म्हणाल्या, "हे यांनी आपणहून लिहून दिलं?" मी म्हटलं, हो, मशीन जे बोलतं ते अक्षरशः उतरवायचं असं मी त्याला शिकवलंय. एवढं एकच नीट शिकला.

रिकामी फाइल चालते हे मला माहीत होतं. नऊ वर्षं हेच काम केलंय मी. नाव लिही असं मी सांगितलंही नाही, तूच ठरव म्हटलं. लिहिलं असतंस तर चौकशीत मी तुझ्यासाठी दोन शब्द टाकले असते. तसं आईला कबूल करून ठेवलं होतं. तेराला चौकशीत मला विचारलं, तुम्हाला याच्या बाजूने काही सांगायचंय का. तुझं पत्र पर्समध्ये होतं. शून्य अक्षरं. मी म्हटलं, नाही.

आई रोज म्हणते, "भाऊ आहे गं तो." मामाने तीनदा फोन केला. तिसऱ्यांदा तो रडला, आणि मला त्याचं वाईट वाटलं. तुझं वाटलं नाही. वाटेल असं मला वाटत होतं, वाट पाहिली, नाही वाटलं.

निकाल तुला कळला असेल, तरी माझ्याकडून ऐक. माझ्या दाखल्यावरचा शेरा काढला. मला परत बोलावलं, जुन्याच जागेवर. साहेब तुझा राजीनामा मागणार होते. कागद टाइप झाला होता. मी सांगितलं, त्याला काढू नका.

ही दया समजू नकोस. तुला काढलं असतं तर दोन वर्षांनी तू गावभर सांगत फिरला असतास की आतेबहिणीने पोटावर पाय दिला, आणि लोकांनी च्‌ च्‌ केलं असतं. ती सोय मी तुला देणार नाही. तू राहायचं. माझ्या हाताखाली, त्याच खोलीत, त्याच लॉगिनने. तू बसवलेलं सगळं पुसून पुन्हा पहिल्यापासून बांधायचं, तळापासून वरपर्यंत, माझ्यासमोर. बोर्डाच्या माणसांना कुणी विचारलं हे काम कोणाचं, तर तूच पुढे होऊन माझं नाव सांगायचं, मोठ्याने, पंख्याच्या आवाजावर. आणि वरच्या वस्तीतून कुणी तक्रार घेऊन आलं की त्यांना सांगायचं, गेल्या ऑगस्टमध्ये पाणी मी बंद पाडलं. मी ऐकत असेन.

दुकानाच्या मालकाला मी शनिवारपर्यंत येते म्हणून सांगितलंय. सोमवारी साडेनऊला ये. खोलीची किल्ली आता माझ्याकडे आहे, मी येईपर्यंत बाहेर उभा राहा.

ताई